इथून कधी निघायचं? : अल्टाडेनाच्या आगीनंतरच्या तीन तात्पुरत्या जागा

आगीत घर गेलेल्या कुटुंबाला तात्पुरती जागा देणाऱ्या कुठल्याही सोयीबद्दल मी आता सगळ्यात आधी एकच विचारते: इथून कधी निघावं लागेल? खोल्या किती, गाद्या कशा, वायफाय आहे का, हे सगळं नंतर. निघायची तारीख माहीत असली आणि ती बऱ्यापैकी लांब असली, तरच माणूस विम्याचे कागद घेऊन शांतपणे बसू शकतो, लेकराला वेळेवर झोपवू शकतो. तारीख दर आठवड्याला बदलणार असेल, तर राजवाड्यातही बॅगा भरूनच ठेवाव्या लागतात.

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅन्यनमध्ये आग लागली आणि सांता ॲना या इथल्या कोरड्या, जोरदार वाऱ्यांनी ती रातोरात अल्टाडेनाच्या वस्त्यांत आणली. नऊ हजारांहून जास्त इमारती गेल्या. लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेचं आमचं घर त्यातच गेलं. आम्ही चौघं: मी, नवरा, तिसरीतली मुलगी आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. खालची मतं या चौघांच्या गरजेवरून बनलेली आहेत. एकट्यादुकट्या माणसाचा हिशेब वेगळा निघेल.

पहिली जागा मिळाली ती २११ मुळे. २११ एलए ही लॉस एंजेलिस काउंटीतली मदतवाहिनी. आग लागल्या लागल्या तिने एअरबीएनबी डॉट ऑर्ग या ना-नफा संस्थेबरोबर घर सोडावं लागलेल्यांची मोफत राहायची सोय सुरू केली. माहिती भरून द्यायची, पात्र ठरलो की आपण एरवी सुट्टीसाठी शोधतो तसं घर शोधायचं. भाडं आपल्याला पडत नाही. ज्या दिवशी अंगावरचे कपडे आणि पासपोर्टची पिशवी एवढंच हातात होतं, त्या दिवशी कुणी चळतभर पुरावे मागितले नाहीत, याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

आम्हाला साउथ पॅसाडेनात बैठं घर मिळालं. बैठकीच्या खोलीत शेकोटी होती आणि मालकीणबाईंनी तिच्यापुढे पुस्तकांचं कपाट सरकवून ठेवलं होतं. पलीकडच्या भिंतीशी गालिच्यावर कपाटाच्या चार पायांचे खोल ठसे दिसले म्हणून लक्षात आलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. सोयीच्या यादीत अशी गोष्ट येत नसते, पण माझ्या लेखी या सोयीचे गुण तिथूनच सुरू होतात. स्वयंपाकघर पुरं, न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून रबराची चटई, अंगणात लिंबाचं झाड. उणीव एकच: मुक्काम ठरावीक रात्रींचा. पहिला धक्का ओसरून आपण फोन करायच्या स्थितीत येतो, तोवर निघायची वेळ होते. पाचपैकी साडेचार. गेलेला अर्धा गुण मुदतीचा.

दुसरी जागा विमा कंपनीने दिली: किचनसह खोली असलेलं, लांब मुक्कामासाठीचं हॉटेल. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, हॉटेलचंही नाही. डेस्कवरची माणसं भली होती. पण व्यवस्था अशी की मंजुरी एका वेळी एकाच आठवड्याची. आठवडा सरत आला की क्लेम पाहणाऱ्या माणसाला फोन, तो माणूस बदललेला, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं, मग त्याची ईमेल हॉटेलला जायची. एकदा ती ईमेल वेळेत पोचली नाही आणि दाराचं कार्ड चालेना. सासूबाई औषधाची वेळ टळून जाईपर्यंत लॉबीतल्या खुर्चीत बसून होत्या. गोळ्या वर खोलीत.

खोलीतल्या स्वयंपाकाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण जाहिरातीत ‘फुल किचन’ लिहिलेलं असतं. दोन तव्यांपुरती विजेची शेगडी, वर धूर ओढणारा पंखा नाही. मोहरी तडतडली की छतावरचा अलार्म वाजायचा. तो वाजला की माझी मुलगी काही न बोलता बूट घालून दाराशी उभी राहायची, दप्तर पाठीला. तीन-चारदा असं झाल्यावर सासूबाईंनी फोडणी द्यायचंच सोडलं. वरणात जिरेपूड आणि तूप कालवून वाढायला लागल्या. घर जळालेल्या कुटुंबांना खोल्या देणाऱ्या हॉटेलांनी निदान धूर ओढणारा पंखा असलेली खोली आधी द्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाचपैकी दोन, आणि तेही डेस्कवरच्या माणसांमुळे.

आता जे मला शेजारच्या बाईंकडून कळलं आणि जे प्रत्येकाने पहिल्याच फोनवर बोलायला हवं. घराच्या विम्यात राहण्याच्या जादा खर्चाचा एक भाग असतो, सगळे त्याला एएलई म्हणतात. कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत घर पूर्ण गेलं असेल, तर या खर्चापोटी निदान चार महिन्यांची उचल मागता येते. कायद्यातच तशी तरतूद आहे. म्हणजे आठवड्या-आठवड्याच्या मंजुरीवर जगायची सक्ती नाही. हा खर्च निदान २४ महिने मिळायला हवा, आणि आपल्या हातात नसलेल्या कारणाने बांधकाम रखडलं तर आणखी १२ महिने. उचलीची मागणी आम्ही लेखी पाठवली आणि त्यानंतर घरातला सूरच बदलला. नवरा पुन्हा जेवताना ताटाकडे बघायला लागला.

पण महिने आणि रक्कम या दोन वेगळ्या मर्यादा आहेत, इथे फार जण फसतात. समजा, पॉलिसीत एएलईची कमाल रक्कम १ लाख डॉलर आहे आणि सामानासकट भाडं महिना ७ हजार पडतं. मग पैसे १४ महिन्यांत संपतात, कायद्यातले २४ महिने कागदावर राहतात. शिवाय जळालेल्या घराच्या कर्जाचे हप्ते आपल्याच खिशातून जातात, कारण एएलई फक्त नेहमीपेक्षा जास्त होणारा खर्च देतं. म्हणून मोठं घर मिळतंय म्हणून घेऊ नका. पैसे बांधकाम संपेपर्यंत पुरतील असं घ्या.

तिसरी जागा, जिथून मी हे लिहिते आहे, ती अशीच हिशेब करून घेतलेली. विमा कंपन्या घर शोधायचं काम दुसऱ्या एखाद्या कंपनीला देतात. आमच्या वाट्याला आलेल्या कंपनीने आधी सांता क्लारिटा, मग रँचो कुकामोंगा इथली घरं दाखवली. नकाशावर बरी दिसतात, पण सकाळच्या गर्दीत तिथून मुलीची पॅसाडेनातली शाळा म्हणजे रोजचा छळ. घर गेलं, गल्ली गेली, आता निदान वर्गातल्या मैत्रिणी तरी राहू देत, यावर आम्ही ठाम राहिलो. इथे एक कायदा उपयोगी पडतो: मॅकिनी-व्हेंटो. आपत्तीने बेघर झालेल्या मुलाला आपल्या जुन्या शाळेतच राहायचा हक्क त्याने मिळतो, जाण्यायेण्याच्या सोयीसकट. प्रत्येक शाळा-जिल्ह्यात हे पाहणारा एक माणूस नेमलेला असतो, त्याच्याकडे नाव नोंदवायचं. ‘बेघर’ या शिक्क्याची आपल्या लोकांना लाज वाटते. वाटू देऊ नका.

शेवटी पॅसाडेनाजवळच्या मनरोव्हियातलं बैठं घर आम्हीच शोधलं आणि त्या कंपनीने करार केला. आगीनंतर भाडी अंगावर येतील अशी वाढली होती. खरं तर आणीबाणीत आधीच्या भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढ मागणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, त्यामुळे घराची आगीआधीची जाहिरात सापडली तर जपून ठेवा. सामान भाड्याचं, एका ट्रकमधून सकाळी आलं आणि दुपारपर्यंत लागलंही. चौघांना चार ताटं, चार वाट्या, चार पेले. पाचवा माणूस चहाला आला तर कप विसळून द्यायचा. पलंग उत्तम. कुकर आणि पोळपाट आम्ही आर्टेशियाच्या, भारतीय दुकानं असलेल्या पायोनियर बुलेव्हार्डवरून आणला, आणि कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा सासूबाईंनी फोडणीसाठी कढईही मागून घेतली. करार वर्षाचा, पुढे महिना-महिना वाढवता येणारा. त्या एका कलमासाठी आम्ही जास्त घासाघीस केली, भाड्यासाठी कमी. पाचपैकी चार.

व्हिसावरच्या मराठी कुटुंबांसाठी खास एक गोष्ट. फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची रोख मदत नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळते, एच-वन-बी वाल्यांना नाही, असं समजून आमच्या ओळखीतली दोन घरं अर्जच करणार नव्हती. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं अठरा वर्षांखालचं मूल असेल तर आईवडील त्याच्या वतीने अर्ज करू शकतात. ईटन आगीसाठीची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली, पण आग काही शेवटची नव्हे. विमा असेल तर त्यातून मिळालेल्या गोष्टीसाठी फेमा पुन्हा पैसे देत नाही, एवढं लक्षात ठेवा.

हवाईत लहैना ऑगस्ट २०२३ मध्ये जळालं. त्यानंतर तिथल्या राज्य सरकारने ‘का लाई ओला’ नावाची ४५० तात्पुरत्या घरांची वसाहत उभारली, पाच वर्षांपर्यंत राहता येईल अशी, आणि फेमाच्या नियमांत न बसणाऱ्यांचा विचार आधी केला. घरं छोटी आहेत, फोटोंत एकसारखी दिसतात. पण पाच वर्षं! बालवाडीतलं मूल तिथून चौथीत जाईल. अल्टाडेनात भाडेकरू म्हणून राहणाऱ्या आणि विमा नसलेल्या माझ्या शेजाऱ्यांना अशी जागा हवी होती. त्यांच्यातल्या कित्येकांनी नातेवाइकांच्या दिवाणखान्यात दिवस काढले, आणि त्या जागेला कुणी गुणही देत नाही, मुदतही विचारत नाही.

कुणाला कुठली जागा सुचवेन? पहिल्या रात्रीपासून २११ ला फोन करा, विमा असला तरी. हॉटेल घ्यावंच लागलं तर चार महिन्यांच्या उचलीची मागणी त्याच दिवशी लिहून पाठवा आणि स्वयंपाकाची खोली डोळ्यांनी पाहूनच किल्ली घ्या. भाड्याचं घर घेताना शाळेचं अंतर आधी मोजा, आणि करार वाढवायचं कलम सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या.