पंख्याशिवायचा कॉम्प्युटर: पार्ल्यातला मे आणि ऑक्टोबर काढल्यावर

मुंबईच्या उकाड्यात प्रोसेसर पंख्याशिवाय चालतो का? चालतो. मात्र त्याला वॅट मोजूनमापून द्यावे लागतात, आणि खोलीतला छताचा पंखा आता त्याच्याही वाट्याचा आहे हे मान्य करावं लागतं. थंडीत बसवलेला माझा सेट मे, पावसाळा आणि ऑक्टोबर हीट यांतून पार पडलाय, म्हणून आता लिहिते.

माझं काम घरून ऑडिओबुकसाठी वाचन करण्याचं. रेकॉर्डिंगला बसताना खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. एवढं करून कॉम्प्युटरच घुमत राहायचा. कंडेन्सर माइक ती घरघर इमानदारीत टिपतो. सॉफ्टवेअरने ती काढता येते, पण त्या सफाईत स आणि श यांच्या कडा बोथट होतात, वाक्याच्या शेवटचा श्वासही जातो. डोक्यावरची विमानं माझ्या हातात नाहीत. हा पंखा मात्र माझ्या हातात होता.

प्रोसेसर इंटेल कोअर आय३-१२१००, त्यावर नॉक्टुआ कंपनीचा एनएच-पी१, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंख्याशिवाय हवेत सोडणारा धातूचा ठोकळा. हा कूलर २०२१ मध्ये आला. सहा हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), जाड आणि एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर बसवलेली पाती, वजन जवळजवळ १.२ किलो. किंमत प्रोसेसरच्याच घरात जाते. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने खोकं उचलून विचारलं, ‘ताई, पंखा नाही तर एवढा पैसा कशाचा?’ प्रश्न रास्तच आहे. पैसा धातूचा. आणि तिथेच १२१००एफ थोडा स्वस्त म्हणून पुढे करतील, तो घेऊ नका. त्यात ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नसतात, वेगळं कार्ड लागतं आणि बहुतेक कार्डांबरोबर पंखे परत घरात येतात.

आता वॅट. या प्रोसेसरची मूळ मर्यादा ६० वॅट, टर्बोत, म्हणजे थोडा वेळ जोरात धावताना, ८९. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पीएल१ आणि पीएल२ अशा दोन मर्यादा असतात: पहिली सलग कामासाठी, दुसरी थोड्या वेळच्या उसळीसाठी. मी पीएल१ ३५ वर आणलाय, पीएल२ ६० वर. वीज जवळपास निम्मी झाली म्हणून वेग निम्मा होत नाही. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि वेगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. तो टप्पा सोडून दिला की उष्णता खूप वाचते, वेग थोडाच जातो. पूर्ण पुस्तकाची फाइल बाहेर काढायला (एक्स्पोर्ट करायला) पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो खरा, पण तेवढ्यात माझी पोळी-भाजी होते. इंटेलऐवजी एएमडीचा प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी रायझन ५ ५६००जी आहे. तोही ६५ ऐवजी ४५ वॅटवर चालवता येतो.

रेकॉर्डिंग हे प्रोसेसरसाठी काम नाहीच, त्यामुळे भर मेमध्ये छताचा पंखा बंद असतानाही तो पन्नास अंशांच्या आसपास राहतो. मोठं एक्स्पोर्ट लावलं आणि पंखा सुरू असला तर साठ-पासष्ट. पंखा बंद ठेवला की तेच हळूहळू पंचाहत्तरीकडे सरकतं. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा, कारण एवढा धातू तापायलाच वेळ घेतो आणि लहानसहान काम तोवर उरकलेलं असतं. मर्यादा न घालताही एकदा चालवून पाहिलं, तेव्हा नव्वदी गाठली. १०० अंशांवर हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. तरी रोज तिथे नेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

मुंबईच्या दमटपणाची मला भीती होती, ती अनाठायी निघाली. ३३ अंशांत आपला जीव जातो कारण घाम वाळत नाही. कूलरला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचं तापमान कळतं, आणि तापमानाच्या बाबतीत मुंबई त्याला पुण्याच्या मेपेक्षा बरी. नागपूरच्या मावसबहिणीला मात्र मी हा सेट सुचवणार नाही. तिथल्या उन्हाळ्यात खोलीच दहा अंश वर असेल, तर प्रोसेसरही तेवढाच वर जाणार. पाणी सुटण्याची चिंताही करू नका. कूलर नेहमी खोलीपेक्षा गरम असतो, त्यावर दव धरत नाही. आपल्याकडे उलट रात्रीची अडचण आहे: मेमध्ये पहाटेसुद्धा पारा सहसा २७ च्या फारसा खाली उतरत नाही, त्यामुळे रात्री काम लावून फार काही साधत नाही.

कॅबिनेट नीट निवडा. काचेचं तोंड आणि वरून बंद, असलं शोभेचं काही चालणार नाही. खाली आणि वर जाळी हवी, पाती उभी राहतील असा कूलर बसवायचा, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जाते. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवणार असाल तर हा खर्चच करू नका. पूर्वी प्रोसेसरच्या पंख्याचा वारा आजूबाजूच्या भागांनाही लागायचा, तो गेला. म्हणून फाइली साठवणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीला स्वतंत्र हीटसिंक (उष्णता पसरवणारी धातूची पट्टी) लावलाय.

मग आली ‘चिं’. पंखा गेल्यावर एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू येऊ लागला, स्क्रीन सरकवली की जास्त. आतल्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्यांची) कुरकुर ती, आधीही असणार, पंख्याखाली दबलेली. बायोसमध्ये सी-स्टेट, म्हणजे रिकाम्या प्रोसेसरला झोपवून वीज वाचवणारी सोय, बंद केल्यावर कमी झाली, पण मग प्रोसेसर रिकामा बसूनही जास्त वीज खाऊ लागला. शेवटी दुसऱ्या कंपनीचा, पूर्ण बिनपंख्याचा एसएमपीएस घेतला. या सगळ्या उद्योगात मला सर्वात जास्त वैताग याच भागाचा आला, आणि विकत घेताना हा आवाज ओळखण्याचा काही मार्ग नाही. परत घेईल अशा दुकानातूनच घ्या.

धूळ हा अनपेक्षित फायदा. शेजारी तीन इमारती पाडून नवीन उभ्या राहतायत, खिडकीच्या गजांवर रोज सिमेंटचा थर. कॅबिनेटच्या आत मात्र जवळपास काही नाही, कारण हवा ओढून घेणारं कोणी नाही. तोटाही सांगते: यंत्र चालू आहे हे कोणाला कळत नाही. मावशींनी झाडताना बोर्डावरचं बटण बंद केलं आणि अर्धं प्रकरण गेलं. आता बटणावर चिकटपट्टी आहे.

गेम खेळणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. ऑफिसचं काम आणि सिनेमे एवढंच असेल, तर १२० मिलिमीटरचा मोठा पंखा मंद फिरवा. छताच्या पंख्याखाली तो ऐकूही येत नाही, आणि पैसे बरेच वाचतात. माइकसमोर बसणाऱ्यांचं गणित वेगळं.

आमच्या इमारतीचंही रिडेव्हलपमेंट ठरलंय, भाड्याच्या घरात जावं लागेल. टेम्पोत चढवण्याआधी कूलर उतरवून वेगळ्या खोक्यात भरणार. खड्ड्यांतून जाताना सव्वा किलो मदरबोर्डला लटकत ठेवायचं माझं धाडस नाही. पुन्हा बसवताना प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायला ताज्या थर्मल पेस्टची ट्यूब आणून ठेवली आहे.