साडेचार हजारांचा एचटीएमएल क्लास: आठ महिन्यांनंतरचा हिशेब

फी साडेचार हजार. नोट्सचे ऐंशी रुपये वेगळे, आणि ते पैसे भरून झाल्यावर कळलं. फैजपूर ते भुसावळ एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणून रोजचं जाणं-येणं परवडलं. आमचा केळी वेफर्सचा घरगुती धंदा आहे. दर गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक पाठवत बसण्यापेक्षा नेटवर आपलं एक पान असावं, म्हणून तसं पान लिहायची भाषा, एचटीएमएल, शिकायची, एवढाच हेतू. टॅग म्हणजे काय, ब्राउझर काय करतो, ते इथे सांगत नाही. ते कुठेही मिळतं.

पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या, नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल लावलं, फाइल उघडली आणि ब्राउझरात माझं नाव ठळक अक्षरांत! उघडलेला टॅग बंद करायचा हे तर मला शिकवावंच लागलं नाही, बरण्यांची झाकणं लावण्यात जन्म गेलाय. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेल्या पहिल्या यादीत अठराच टॅग होते, असं सरांनी सांगितल्यावर तर धीरच आला. अठरा म्हणजे आमच्या मसाल्याच्या डब्याहून थोडे जास्त.

पान तयार झालं. घरच्या कॉम्प्युटरवर बघितलं, झकास. वर मोठ्या अक्षरांत ‘केळी वेफर्स’, खाली टेबलात दर. फुकटच्या होस्टिंगवर, म्हणजे नेटवर पान ठेवायच्या जागेवर, चढवलं आणि सगळ्यांना लिंक पाठवून मी तळणाला बसले. तासाभरात अमळनेरच्या एका व्यापाऱ्याचा फोन. “मावशी, हाई काय शे?”

मोबाइलवर उघडलं तर एक मराठी अक्षर शिल्लक नाही. डोक्यावर तिरका फराटा मारलेले ए, मधूनमधून चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, आणि जिथे जिथे दीर्घ ईकार तिथे जपानी येन आणि त्याला चिकटून युरो. दर आम्ही रुपयात लावले होते हो!

आधी शिव्या घातल्या लेबलवाल्याला. त्याच्याकडून पूर्वी आणलेला मजकूर जुन्या फाँटातला होता, कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची खिचडी व्हायची, म्हणून त्याच्यावरच संशय. पण हा मजकूर तर मी स्वतः टाइप केलेला. तरी दोन संध्याकाळी बसून सगळा परत टाइप केला. तोच कचरा.

क्लासला फोन केला. उत्तर मिळालं, “मॅडम, तुमचा कोर्स संपलाय, सर्टिफिकेट घेऊन जा.” आणि वर, “मराठीला थोडा प्रॉब्लेम येतोच, इंग्रजीत टाका ना.” म्हणजे यावलच्या बाईनं वेफर्सचा दर इंग्रजीत वाचायचा! त्या दिवशी पाचाचा एक केला.

शेवटी मीच एक युक्ती केली. एका मराठी वर्तमानपत्राचं पान उघडलं, कंट्रोल आणि यू दाबलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या ओळी माझ्या ओळींशी एकेक करून ताडून बघितल्या. हेड टॅगच्या आत एक इवलीशी ओळ त्यांच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती: मेटा, कॅरसेट, यूटीएफ-आठ. ती घातली, परत चढवलं, आणि केळी जाग्यावर आली.

आता ही एक ओळ मी सहजी सोडणार नाही. यूटीएफ-आठ म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायचा तक्ता. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे तीन आकड्यांचं. ‘केळी’ शब्दात चिन्हं चार: क, मात्रा, ळ, वेलांटी. म्हणजे बारा बाइट. पान कुठल्या तक्त्याच्या हिशेबात लिहिलंय हे सांगितलंच नाही, तर ब्राउझर जुन्या युरोपी तक्त्यानुसार एकेक बाइट सुटं वाचतो आणि चाराची बारा भुतं उभी करतो. घरी का बरोबर दिसलं? कॉम्प्युटरवरच्याच फाइलचा ब्राउझर स्वतः अंदाज घेतो. नेटवरून आलेल्या पानाला यूटीएफ-आठचा अंदाज तो मुद्दाम लावत नाही. पान पाठवणाऱ्या कॉम्प्युटरनं, म्हणजे सर्व्हरनं, स्वतःहून सांगितलं तर निभावतं, माझा सर्व्हर मुका निघाला. ओळही वरच हवी, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत.

आणि नोट्समध्ये ती का नाही, तेही कळलं. त्यातली सगळी उदाहरणं ‘हॅलो वर्ल्ड’ आणि ‘माय नेम इज राहुल’. इंग्रजी अक्षरं दोन्ही तक्त्यांत सारखीच, म्हणून राहुलचं काही बिघडतच नाही. एकानंही तीस जणांत मराठीत एक वाक्य लिहून नेटवर चढवून बघितलं नव्हतं. त्याऐवजी सरकती पट्टी करणाऱ्या मार्की टॅगवर अख्खा तास! मार्की, फाँट, सेंटर हे तिन्ही आजच्या एचटीएमएलमधून बाद झालेत. एचटीएमएल-पाचची शिफारस २०१४ सालची; नोट्स बहुतेक त्याच्याही आधीच्या.

मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसायची, तो पान मोबाइलच्या रुंदीत बसवणाऱ्या व्ह्यूपोर्टच्या ओळीचा घोळ. तीही नोट्समध्ये नव्हती, पण राग संपला होता.

थोडं क्लासच्या बाजूनंही. रंगीत एडिटर न देता नोटपॅडवरच लिहायला लावलं म्हणून मी तेव्हा कुरकुरत होते. आता वाटतं, तेच बरं केलं. टॅग हातानं लिहिल्यामुळेच परक्याचं पान उघडून मला त्यातली नेमकी ओळ सापडली. शिवाय माझं पान आठ महिन्यांत एकदाही अडकलं नाही. फोटो दोनच, बाकी नुसती अक्षरं. रेंज जेमतेम असलेल्या शेतातही चटकन उघडतं. दर बदलला की मी स्वतः आकडा बदलते, कुणाला पाचशे रुपये द्यावे लागत नाहीत. तो हिशेब धरला तर फी वसूल झाली आहे. म्हणून एकाचे अडीच.

तीन दिले असते. पण गेल्या महिन्यात भाचीला तिथेच घातलं (नाही, दुसरा क्लास जवळपास नाही). तिच्या नोट्सच्या पहिल्याच पानावर कॅरसेटची ओळ छापलीय, खाली उदाहरणही मराठीत. मी विचारलं, जुन्या विद्यार्थ्यांना नवीन प्रत मिळेल का? म्हणाले, मिळेल, ऐंशी रुपये. भाचीच्या नोट्सचे मोबाइलवर फोटो काढून घेतले.