माता व बाल संरक्षण पुस्तिका: फुकट मिळते म्हणून कपाटात टाकू नका

बाळाच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी जपायला बाजारात हवं ते मिळतं. पावलांचे ठसे घेण्याचा संच, बारा महिन्यांच्या बारा फोटोंची चौकट, जाड पानांचे रेशमी फितीचे अल्बम. हौसेला मोल नसतं, घ्यावेत. (त्यातल्या बहुतेक अल्बमांत उष्टावण, जावळ आणि बोरनहाण यांना पान नसतं, एवढं मात्र आधी बघून घ्या.) पण बाळाने बाळसं कधी धरलं, कुठल्या महिन्यात वाढ अडली, कधी सावरली, हे सांगणारी वस्तू एकच, आणि ती सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत एक पैसा न देता मिळते. नाव भारदस्त, माता व बाल संरक्षण पुस्तिका. लोक नुसतं ‘कार्ड’ म्हणतात. आशाताई दारात आल्या की पहिलं वाक्य असतं, ‘कार्ड आणा बरं.’

केंद्राच्या आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांनी मिळून २०१० मध्ये हे कार्ड आणलं आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित, जास्त पानांची आवृत्ती काढली. गरोदरपणाच्या नोंदणीलाच ते हातात येतं, त्यामुळे पुढची पानं आईची आणि मागची बाळाची. हे परीक्षण मागच्या पानांचं.

पुस्तिकेचा जीव आहे तो वजनाच्या आलेखात. मुलगा आणि मुलगी यांचे आलेख वेगळे असतात, आणि पहिली चूक तिथेच होते. घाईच्या सत्रात मुलीचं वजन मुलाच्या पानावर टाकलं जातं आणि चांगली वाढणारी पोर अशक्त दिसू लागते. आडव्या रेषेवर वय, उभ्यावर किलो, मध्ये हिरवा, पिवळा आणि केशरी पट्टा. मापदंड जागतिक आरोग्य संघटनेचे, २००६ चे. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो, मुलीचं ८.९. मुलगा ७.७ च्या किंवा मुलगी ७ च्या खाली गेली की पिवळा पट्टा, मुलगा ६.९ च्या किंवा मुलगी ६.३ च्या खाली गेली की केशरी.

बहुतेक घरांत यापुढे वाचलंच जात नाही. ठिपका हिरव्यात आहे ना, मग झालं! इथेच घोटाळा आहे. एकट्या ठिपक्याला फारसा अर्थ नसतो, ठिपके जोडणाऱ्या रेषेला असतो. समजा एका मुलाचं वजन सहाव्या महिन्याला ७.४, सातव्याला ७.७, आठव्यालाही ७.७ आणि नवव्याला ७.६ आहे. चारही ठिपके हिरव्यात, पण रेषा एक महिना आडवी पडून आता खाली वळली आहे. या बाळाला दाखवायला हवं. उलट २.३ किलोची जन्मलेली मुलगी तीन महिन्यांना ४.३, सहाला ५.६, नऊला ६.४ अशी चढते. ती पिवळ्यातच आहे, तिच्यावर लक्ष हवंच, पण तिची रेषा छापील वळणाला समांतर वर जाते आहे. ‘शेजारचं पोर बघा कसं गुटगुटीत’ म्हणून तिला दर तासाला कोंबायची गरज नाही. सिस्टर ठिपका टाकतात, रेषा जोडायची अनेकदा राहून जाते. पेन्सिल घ्या आणि घरी जोडा, दोन मिनिटांचं काम.

ठिपका टाकताना पूर्ण झालेले महिने मोजायचे. पाच महिने पंचवीस दिवसांचं बाळ सहाच्या रेषेवर टाकलं की विनाकारण मागे पडलेलं दिसतं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाचे जितके आठवडे कमी, तितके वयातून वजा करून वाचायचे. ही वजाबाकी छापील आलेख आपसूक करत नाही, आणि ती न केल्यामुळे कमी दिवसांच्या बाळांच्या आयांना उगाच बोलणी बसतात.

आता वेगाचं गणित, कारण आठव्या-नवव्या महिन्यात घराघरांत एकच तक्रार ऐकू येते, ‘पहिल्यासारखं वजन वाढत नाही हो.’ वाढणारच नाही. मधल्या वाटेवरचा मुलगा पहिल्या महिन्यात साधारण १.१ किलो वाढतो, तिसऱ्यात आठशे ग्रॅम, आणि नऊ ते बारा महिन्यांत महिन्याला जेमतेम सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत आलेखाचं वळण उभं चढतं आणि मग कलतं.

हा अडीचशे ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवून आता काट्याकडे बघा. भिजलेला डायपर दोनशे ग्रॅमचा सहज असतो. वर स्वेटर, टोपडं, पायात चांदीचे वाळे. म्हणजे एका महिन्याची अख्खी वाढ कपड्यांतच बसली! टांगायच्या काट्याला झोळी किंवा चड्डी लावून मगच काटा शून्यावर आणायचा. झोळी नंतर लावली तर तिचं वजन बाळाच्या नावावर चढतं. बाळ हातपाय झाडत असेल तर काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं. एकदा अंगणवाडीत आणि एकदा खासगी दवाखान्यात वजन केलं तर शे-दोनशे ग्रॅमचा फरक दिसणारच, तेव्हा शक्यतो एकाच काट्यावर करा. वजन घटलेलं दिसलं तर रडापडीच्या आधी बाळाला उघडं करून पुन्हा वजन घ्या. दंडाची पट्टी हा दुसरा चांगला पडताळा. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या आत आला तर मध्यम, ११.५ च्या आत आला तर तीव्र कुपोषण. तिथे घरगुती उपाय करत बसायचं नाही.

लसीकरणाचं पान सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि त्यामुळे सगळ्यात आधी फाटतं. जन्मल्यावर बीसीजी (क्षयाची लस), पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांच्या आत कावीळ बी. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस, म्हणजेच ‘पेंटा’), रोटा (जुलाबावरची) आणि तोंडावाटे पोलिओ. त्यातच ६ आणि १४ आठवड्यांना न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) आणि पोलिओचं इंजेक्शन. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची पहिली मात्रा, १ मिली. हा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून आला. त्याआधीच्या छपाईत त्याचा रकाना नाही, म्हणून सिस्टर समासात पेनाने लिहितात. तुमच्याकडे जुन्या गठ्ठ्यातलं कार्ड आलं असेल तर ही हाताने लिहिलेली ओळ आहे का, हे आवर्जून बघा. रकाना नाही म्हणून डोस चुकला, असं व्हायला नको.

गावाला गेल्यामुळे किंवा तापामुळे तारीख हुकली तर ‘आता पहिल्यापासून’ असं काही नसतं. राहिलेल्या डोसपासून पुढे, मध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवून. आणखी एक भीती बीसीजीची. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, खपली धरते. हळद, तेल, मलम काहीही लावायचं नाही, तो तसाच सुकतो. पेंटानंतर दिवस-दोन दिवस ताप आणि मांडीवर गाठ येते. मांडी चोळू नका. तापाच्या औषधाचं प्रमाण सिस्टरकडून वजनानुसार विचारून घ्या आणि पुस्तिकेतच टिपून ठेवा.

खासगीत लसीकरण करणाऱ्यांची अडचण निराळी. टायफॉइड, फ्लू, कावीळ ए, कांजिण्या यांना या पानावर छापील घर नाही. मग डॉक्टर स्वतःची चकचकीत फाइल देतात आणि बाळाचा हिशेब दोन ठिकाणी फुटतो. कोऱ्या जागेत लसीचं नाव, तारीख आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावा. शिशीवरचं स्टिकर चिकटवलं तर उत्तमच.

विकासाच्या टप्प्यांची चित्रं सुरेख आणि कामाची आहेत, फक्त ती परीक्षेच्या वेळापत्रकासारखी वाचू नयेत. आधाराशिवाय बसणं चौथ्या महिन्याच्या आसपासपासून नवव्यापर्यंत कधीही, एकट्याने चालणं आठव्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत कधीही, इतकी मोठी मुभा निरोगी बाळांना असते. काही बाळं रांगतच नाहीत, बसल्याबसल्या सरकतात आणि थेट उभी राहतात. धोक्याच्या खुणांचा भाग मात्र काटेकोरपणे वाचावा. आलेलं कौशल्य गेलं, हाकेला किंवा आवाजाला प्रतिसाद नाही, शरीराची एकच बाजू हलते, यांत ‘वाट बघू’ चालत नाही.

आहाराचं पान ठीक आहे, पण ते आपल्या आजीशी भांडायला पुरत नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, आठव्या महिन्यापर्यंत दिवसाला दोन-तीन वेळा, नवव्यापासून तीन-चार वेळा. घरोघरी अडतं ते पातळपणावर. डाळीच्या पाण्यात पाणीच असतं, डाळ भांड्याच्या तळाशी राहते. चमचा वाकडा केल्यावर घास लगेच ओघळून पडला तर तो पातळ झाला. मऊ भात, घोटलेलं वरण, वर तूप, किंवा चमच्यावर टिकेल इतकं दाट नाचणीचं सत्त्व, असं हवं. शिवाय सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं सिरप मिळतं. त्याने शी काळी होते म्हणून निम्म्या बाटल्या फडताळात पडून राहतात. काळी शी अपेक्षितच आहे. शंका असेल तर सिस्टरना विचारा, पण बाटली आपल्या मनाने बंद करू नका.

दोष सांगायचे तर कागद. रोजच्या पिशवीत घामाने, दुधाने घडीवर विरतो. लॅमिनेशन करू नका, त्यावर पुढे लिहिता येत नाही. पारदर्शक प्लास्टिकचं पाकीट पुरे. आलेख इतका बारीक की शंभर ग्रॅमचा फरक नजरेला दिसत नाही, म्हणून ठिपक्याशेजारी आकडाही लिहायला सांगावं. भाषा जागोजागी परिपत्रकाची आहे. ‘पूरक आहार’ असं लिहून आईला काय कळणार? ‘वरचं खाणं’ म्हणा की! आणि बाळाच्या बाबांना या पानांवर काम जवळजवळ नाहीच.

हरवली तर मात्र पंचाईत. सिस्टरकडे प्रतिपत्र असतं, यू-विन या सरकारच्या लसीकरण-नोंदणीच्या पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने लसींची नोंद आणि प्रमाणपत्र मिळतं, पण वर्षभराची वजनं आपल्या हाती अशी सहज परत येत नाहीत. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळणाऱ्या ५,००० रुपयांपैकी दुसरा, २,००० रुपयांचा हप्तासुद्धा १४ आठवड्यांपर्यंतच्या लसींवर अडतो, तिथेही हेच कार्ड लागतं. दर सत्राहून आल्यावर त्या दिवशीच्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा.

पाचपैकी चार. एक गुण कागदाचा आणि परिपत्रकी भाषेचा कापला. पहिला वाढदिवस झाला की केक कापण्याआधी नाही तर नंतर, पण त्याच आठवड्यात वजन करून बाराव्या रेषेवर ठिपका टाका, नऊ महिन्यांच्या ओळीतलं एकही घर रिकामं नाही ना ते बघा, आणि १६ महिन्यांच्या ओळीसमोर पेन्सिलने तारीख लिहा. तिथे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी आणि पोलिओचा बूस्टर आहे, आणि ‘अ’ जीवनसत्त्व या वेळी २ मिली.