इन्व्हर्टरला पसंती, घरपोच सेवेला नाही

गोव्यातल्या साखळी गावाच्या परिसरातील आमच्या घरासाठी यंदाच्या पावसाळ्यात एका मोठ्या ऑनलाइन विक्री संकेतस्थळावरून ९०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे लाइनीसारखीच वीज देणारा, इन्व्हर्टर आणि १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची टॉल ट्युब्युलर (उंच, नळीदार प्लेटांची) बॅटरी मागवली. यंत्राचा अनुभव आणि ते घरी आणून देणाऱ्या सेवेचा अनुभव यांत इतके अंतर आहे की, दोहोंना मिळून एकच शेरा देणे योग्य ठरणार नाही. म्हणून दोन्हींविषयी वेगवेगळे लिहितो.

गोव्यात वीजनिर्मितीचे मोठे केंद्र नाही. आपली वीज ग्रिडमधून, सह्याद्री ओलांडून येते. परंतु घरातली वीज जाते ती बहुतेक वेळा त्याहून जवळच्या कारणाने. गावागावांतून उघड्या तारा नारळ, फणस आणि आंब्यांच्या फांद्यांमधून गेलेल्या आहेत आणि जून ते सप्टेंबर या काळात एखादी फांदी किंवा झावळ तारेवर पडली की वाड्यावर, म्हणजे अख्ख्या वस्तीवर, अंधार होतो. भर पावसात खांबावर चढून ती दुरुस्त करणाऱ्या लाइनमनविषयी मला आदरच आहे; मात्र तो पोहोचेपर्यंत घर चालवायचे असते. विहिरीवरचा पंप बंद म्हणजे टाकीत पाणी नाही. आमच्याकडे याहून गंभीर बाब म्हणजे वडिलांचा दमा. दमट हवेत त्यांना रात्री-अपरात्री नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा श्वासावाटे देणारे यंत्र) लावावा लागतो आणि तो विजेवर चालतो.

मागणी नोंदवली तेव्हा मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता आणि संकेतस्थळाने आठवड्याभरात वस्तू पोहोचेल असे दाखवले होते. प्रत्यक्षात बॅटरी दारात आली तेव्हा श्रावण लागला होता. इन्व्हर्टर त्याआधीच वेगळ्या खोक्यातून आला होता आणि बॅटरीवाचून कोनाड्यात पडून होता. मधल्या काळात सकाळी मोबाईलवर ‘आज वस्तू पोहोचेल’ असा संदेश यायचा आणि संध्याकाळी ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही’ अशी नोंद व्हायची, हे वारंवार घडले. आई-वडील दिवसभर ओसरीवरच असतात; फाटकाशी कोणी आले नव्हते आणि फोनही वाजला नव्हता. उशीर एक वेळ समजून घेता येतो. चोर्ला आणि अनमोड या दोन्ही घाटांत पावसाळ्यात वाहतूक रखडते, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु न आलेल्या माणसाने ‘ग्राहक नव्हते’ असे लिहून ठेवणे हा उशीर नव्हे, ती खोटी नोंद आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिच्यावर आहे.

अखेर जो तरुण बॅटरी घेऊन आला, त्याने खरे कारण सांगितले. पन्नास-साठ किलोची बॅटरी दुचाकीवरून नेता येत नाही, त्यामुळे त्या बाजूचे जड सामान पुरेसे जमेपर्यंत टेम्पो सुटत नाही, आणि तोपर्यंत दिरंगाई आपल्या नावावर पडू नये म्हणून वितरण केंद्रातून अशा नोंदी टाकल्या जातात. त्या तरुणाचा यात दोष नाही. उलट मला सोबत घेऊन त्याने बॅटरी ओसरीपर्यंत उचलून आणली, जे त्याच्या कामात बसत नव्हते. टेम्पो सामान जमल्यावरच जातो, एवढे संकेतस्थळाने आधीच सांगितले असते, तर मी त्याच दिवशी म्हापशाला जाऊन दुकानातून बॅटरी आणली असती. ग्राहकाची ही निवडच हिरावली गेली आणि ज्या रात्री वीज नव्हती, त्या रात्री वडिलांना गाडीत बसवून दवाखाना गाठावा लागला.

लीड-ॲसिड बॅटरीच्या बाबतीत उशिराचे आणखी एक नुकसान असते. ती गोदामात पडून राहिली तर आपोआप उतरत जाते आणि बराच काळ उतरलेल्या स्थितीत राहिली तर प्लेटांवर सल्फेट साचून तिची क्षमता कायमची घटते. आमचे खोके तळाशी भिजलेले होते. जोडणीला आलेल्या तंत्रज्ञाने आधी बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना पाहिला, मग मल्टिमीटर लावला. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.७ व्होल्टच्या आसपास असायला हवा, तो १२.२ निघाला. त्याने प्रत्येक सेलचे झाकण उघडून हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने) आतले आम्लमिश्रित पाणी तपासले, सहाही सेल सारखे असल्याची खात्री केली आणि रात्रभर चार्जिंग करूनच भार टाकायला सांगितले. सुदैवाने बॅटरी सावरली. घरपोच बॅटरी घेणाऱ्या प्रत्येकाने पावतीवर सही करण्यापूर्वी निदान महिना आणि व्होल्टेज पाहून घ्यावे.

आता यंत्राविषयी. १२ व्होल्ट आणि १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि रूपांतरातही काही वीज खर्च होते, हे धरले तर साधारण १२०० ते १३०० हाती येतात. तीन पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर एवढा पावणेतीनशे वॅटचा भार आमच्याकडे साडेचार तास व्यवस्थित चालतो. पंखे घुं घुं करत नाहीत, नेब्युलायझर मेन्सवर, म्हणजे थेट लाइनीच्या विजेवर, चालतो तसाच चालतो. विहिरीचा पंप आणि मिक्सर मात्र यावर लावू नयेत. चतुर्थीच्या दिवशी संध्याकाळी आरती चालू असताना वीज गेली. माटोळीखालचे (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या चौकटीखालचे) दिवे मिणमिणलेही नाहीत आणि घुमट वाजवणाऱ्यांना वीज गेल्याचे आरती संपल्यावरच कळले.

एक गोष्ट मात्र कंपनीने माहितीपत्रकात ठळक छापायला हवी होती. यंत्राच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असे दोन पर्याय असलेले बटण आहे. यूपीएसमध्ये मेन्सचा दाब १८० व्होल्टच्या खाली आला की यंत्र बॅटरीवर जाते. आमचे घर ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनीच्या शेवटच्या टोकाला आहे आणि संध्याकाळी दाब नेमका त्या सुमारास उतरतो. परिणामी शेजाऱ्यांकडे वीज असताना आमची बॅटरी खर्च होत होती आणि खरोखर वीज गेली तेव्हा निम्मीच उरलेली असे. इकोमध्ये यंत्र त्याहून कमी दाबही चालवून घेते, त्यामुळे बटण इकोवर केल्यावर हा प्रश्न सुटला. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा वीज जाणाऱ्या गावांत हा तपशील मामुली नाही.

तक्रारीचा मार्गही सांगतो. ई-कॉमर्ससंबंधीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करायचे असते. मला पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’च्या नोंदींची छायाचित्रे देऊन तक्रार केली, त्यानंतरच टेम्पो हलला.

इन्व्हर्टर मी निःशंकपणे सुचवीन आणि तो ऑनलाइन घ्यायलाही हरकत नाही. बॅटरी मात्र म्हापसा, फोंडा किंवा डिचोलीच्या दुकानातून, आणि तीही मे महिन्यातच घ्यावी. दुकानदार जुनी बॅटरी परत घेऊन किंमत कमी करतो आणि जोडणीला आपला माणूस पाठवतो. आमच्या वॉरंटी कार्डावर अजूनही मागणीच्या दिवसाची तारीख आहे, म्हणजे बॅटरी गोदामात पडून होती तो काळही ३६ महिन्यांच्या हमीतून वजा होणार आहे. ती तारीख बदलून बॅटरी हाती आल्याची तारीख घालावी, अशी लेखी मागणी मी विक्रेत्याकडे केली आहे आणि ती मान्य होईपर्यंत या सेवेला एका ताऱ्यापेक्षा अधिक देणार नाही.