डबलबारी, दशावतार आणि झूम एच४ इसेन्शियल : श्रावण ते शिमगा

भजनं आणि दशावतार (कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य) रेकॉर्ड करायला काय घ्यावं, असं कुडाळ-सावंतवाडीकडची मंडळी वरचेवर विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. श्रावणापासून शिमग्यापर्यंत झूम एच४ इसेन्शियल हा आवाजाचा रेकॉर्डर वापरला. त्याआधी मोबाईलच होता.

मोबाईलवर डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनांचा सामना, का बिघडते ते आधी सांगतो. फोन आवाजाची पातळी आपली आपणच वरखाली करतो. पखवाजावर जोरकस थाप पडली की तो सगळंच दाबून टाकतो. बुवांचा (मुख्य गायकाचा) आवाज बुडतो आणि थाप विरली की पुन्हा वर येतो. अभंग एकवेळ चालून जातो, गजर चढला की ऐकवत नाही. साध्या २४-बिट रेकॉर्डरवर लेव्हल (आवाजाची पातळी) हाताने लावता येते, पण संथ अभंगाला लावलेली लेव्हल गजरात फाटते. आणि गजर रंगात आला असताना बटणावर बोट ठेवून कोण बसणार?

या रेकॉर्डरच्या ३२-बिट फ्लोटने (अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकाच फाईलीत मावणारी रेकॉर्डिंगची पद्धत) ही कटकट खरंच संपवली. लेव्हल लावायचीच नाही. घरी ऑडॅसिटी या आवाज-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडली की झांजेच्या जागी लाट वरखाली कापल्यासारखी दिसते; आवाज खाली घेतला की तिचा मूळ आकार परत मिळतो. याला मर्यादा मात्र आहे. आतले माइक १३० डेसिबलपर्यंतच झेलतात, आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधूनच आवाज फाटून येत असेल तर तो फाटलेलाच रेकॉर्ड होतो.

खरी मेहनत जागा शोधण्यात आहे. एका बुवांनी मला पहिल्याच बारीत टोकलं, "हय नको रे, हय झांजवालो बसतलो." शंभर टक्के खरं. झांज जवळ आली की पेटीचे सूर आणि शब्द दोन्ही खाऊन टाकते, आणि नंतर कितीही एडिटिंग केलं तरी ती वेगळी निघत नाही. आता मी स्टँड पेटीच्या समोर दोनेक हातांवर, बुवांच्या हनुवटीच्या उंचीला लावतो आणि रेकॉर्डरचं तोंड झांजेपासून थोडं वळवतो. पखवाजाची कणीक लावलेली धुमेची (खर्जाची) बाजू नीट आली की अर्धी बारी जिंकली.

दशावतारात पात्रं रंगमंचभर फिरतात, त्यामुळे नुसते आतले माइक पुरत नाहीत. इथे चार ट्रॅक कामाला येतात: दोनावर मिक्सरची लाइन (वायरने थेट घेतलेला आवाज), दोनावर आतल्या माइकांतून समोरचा आवाज. लाइनमध्ये संवाद स्वच्छ येतात, पण प्रेक्षकांचा हशा नसतो आणि मृदंगाला माइक नसला तर तोही कोरडा पडतो. रेकॉर्डर स्पीकरपासून लांब ठेवलात तर मीटरमागे साधारण ३ मिलिसेकंद उशीर होतो. १५ मीटरवर तो ४५ च्या घरात जातो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केले की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. घरी बसून एक ट्रॅक सरकवावा लागतो.

वीज मंडपातून घेऊ नका. चार्जर लावून मिक्सरलाही वायर जोडली की ५० हर्ट्झची घरघर शिरण्याची शक्यता असते. नाटक पहाटेपर्यंत चालतं, त्यामुळे मी यूएसबी-सीला पॉवरबँक लावतो आणि दोन एए सेल आत ठेवतो. सेल रिचार्जेबल असतील तर मेनूत तसं सांगा, नाहीतर बॅटरीचा आकडा फसवतो. कार्डाचा हिशेब: ४८ किलोहर्ट्झला स्टिरिओचे तासाला सुमारे १.४ जीबी, चार ट्रॅकचे दुप्पट. हा रेकॉर्डर फक्त फ्लोट वेव्ह फाईलच लिहितो, त्यामुळे मंडळाच्या ग्रुपवर टाकण्याआधी एमपी३ करावी लागते. रात्री दोनला घरी आल्यावर तेवढा उत्साह कुणाला असतो! मंडळी मात्र सकाळी सातलाच मागतात.

किनाऱ्यालगतच्या देवळांत वाऱ्यासाठी केसाळ कव्हर हवंच. फोमची टोपी झुळकेपुरती ठीक, खाऱ्या वाऱ्यापुढे टिकत नाही. पावसाळ्यात सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

तुमच्याकडे आधीच चांगले माइक असतील तर झूमचाच एफ३ बघा: दोन एक्सएलआर (माइकची वायर जोडायच्या जागा), फ्लोट तोच, आतले माइक नाहीत. मिक्सरची लाइन कधीच घेणार नसाल, फक्त देवळातली भजनं करायची असतील, तर एच१ इसेन्शियल पुरेल. फ्लोट त्यातही आहे. उरलेल्या पैशांत आधी दणकट स्टँड घ्या.