दुबईची शाळा की इथलं नवोदय? आधी लेकराचा वर्ग पाहा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. बाप दुबईला, आई आणि लेकरं गावात, अशी घरं आता आमच्याकडेही आहेत. "गुरुजी, लेकराला तिकडं नेऊ का?" असं कुणी विचारलं की मी आधी त्याचा वर्ग विचारतो. बापाच्या पगाराची अट आहेच: कुटुंबाच्या व्हिसासाठी महिना किमान 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि कंपनीची खोली.

पहिली-दुसरीत असेल तर खुशाल न्या. तिकडच्या बहुतेक भारतीय शाळा सीबीएसईच्या, सत्रही एप्रिलपासूनच. या वयात इंग्रजी माध्यम लवकर अंगवळणी पडतं, आणि लेकरू बापाजवळ राहतं, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रवेशाआधी केएचडीए या सरकारी यंत्रणेचा त्या शाळेवरचा तपासणी अहवाल वाचा. फीसोबत बसचे पैसेही विचारा.

मराठी मात्र मागं पडते. इथं 2020 च्या कायद्यानं ती दहावीपर्यंत सक्तीची. तिकडं नववीपर्यंत अरबी. आमची दुसरीतून गेलेली एक पोरगी दोन वर्षांनी जुलैत शाळेत भेटायला आली. तिनं फळ्यावर उजवीकडून डावीकडं अरबी अक्षरं भराभर काढून दाखवली. बाजूचा मराठी सुविचार तिला एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचावा लागला. घरी रोज अर्धा तास मराठी वाचून घ्या.

चौथी-पाचवीत असेल तर थांबा. पाचवी याच जिल्ह्यात झाली तरच बेलोऱ्याच्या नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची प्रवेश परीक्षा देता येते. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, राहणं-जेवण-पुस्तकं फुकट, बोर्ड तेच सीबीएसई. दहा-अकरा वर्षांचं लेकरू आईपासूनही तुटतं, हे खरं. पण जागा थोड्या असल्या तरी एक प्रयत्न करून पाहाच.

आठवीच्या पुढं डॉक्टरकीचा विचार असेल तर हे आधी ध्यानात घ्या: सरकारी मेडिकलच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही साधारणपणे महाराष्ट्रातूनच लागतात. इंजिनिअरिंगचं वेगळं आहे. आखाती देशांतल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत राखीव जागा आहेत, नागपूरच्या व्हीएनआयटीतही. पण ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करायची असेल तर आठवीतल्या पोरीच्या आईला मी तरी इथंच थांबायला सांगतो.