एसक्यूलाइटचं व्हॅक्यूम वापरून बघितलं: फाइल बारीक होते, पण आधी हे तपासा

आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशोब मी बघते. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर दहा दिवसांनी बिल आणि दिवाळीला वर्षभराच्या लिटरवर दरफरक, हे सगळं एकाच एसक्यूलाइट फाइलीत आहे (एसक्यूलाइट म्हणजे सगळा डेटा एका फाइलीत ठेवणारा डेटाबेस). म्हणजे या फाइलीतली एक नोंद गेली तर कुणाचे तरी खरे पैसे गेले, त्यामुळे हे लिहिताना मी उगाच कौतुकही करणार नाही आणि घाबरवणारही नाही.

झालं असं की आधी सभासदांच्या पासबुकचे फोटो पण याच फाइलीत ठेवले जायचे, ते आम्ही बाहेर फोल्डरमध्ये काढले आणि फाइलीतून डिलीट केले, तरी फाइल दीड जीबीच्या आसपासच! एसक्यूलाइट डिलीट केलेली जागा विंडोजला परत देत नाही, स्वतःकडे रिकामी पानं म्हणून ठेवतं, पुढच्या नोंदींसाठी. ती पानं काढून फाइल आटोपशीर करायची आज्ञा म्हणजे व्हॅक्यूम. किती रिकामी आहेत ते विचारता येतं. प्रॅग्मा पेज काउंट (एकूण पानं सांगणारी आज्ञा) दिलं तर ३,५८,४१२ आलं आणि प्रॅग्मा फ्रीलिस्ट काउंट (त्यातली रिकामी पानं) ३,३९,८७६. एक पान ४०९६ बाइटचं, म्हणजे खरा माल जेमतेम ७६ एमबीचा. हे दोन आकडे बघितल्याशिवाय व्हॅक्यूमच्या वाटेला जाऊच नका, रिकामी पानं थोडीच असतील तर करून काही मिळत नाही.

मी सुरुवातीला साधं व्हॅक्यूम चालवलं, अर्थात कॉपीवर. कॉपी घेताना पण एक गोष्ट सांभाळा. आमचा प्रोग्राम वॉल मोडमध्ये चालतो, म्हणजे ताज्या नोंदी काही वेळ शेजारच्या डॅश-वॉल नावाच्या फाइलीत असतात, आणि प्रोग्राम चालू असताना नुसती मुख्य फाइल पेनड्राइव्हवर ओढली की आजची संध्याकाळची पाळी त्यात नसू शकते. म्हणून आधी सगळीकडे प्रोग्राम बंद करायचा, ती शेजारची फाइल आपोआप गायब झाली का बघायचं, मगच कॉपी. ती हाताने डिलीट करायची नाही, कधीच नाही.

व्हॅक्यूम झालं, फाइल ७२ एमबी झाली, इंटिग्रिटी चेक (फाइल आतून धड आहे का ते बघणारी तपासणी) ओके, संकलनाच्या ओळी जुळल्या, एकूण लिटर पॉइंटपर्यंत जुळलं. मी खूश. मग सहज म्हणून एका सकाळच्या पाळीची यादी काढली तर एका दादांच्या नावावर फॅट ७.१! त्यांच्याकडे फक्त गायी आहेत हो, गायीच्या दुधाला एवढं फॅट कुठून येणार. ते दूध त्यांच्या आधीच्या नंबरच्या काकूंचं होतं, त्यांच्या दोन म्हशी आहेत. म्हणजे डेटा एक ओळही गेला नव्हता, पण माणसं एका घराने सरकली होती.

कारण सापडायला अख्खी दुपार गेली. ज्याने आम्हाला हा प्रोग्राम करून दिला त्याने सभासदांच्या टेबलला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची पक्की ओळख) ठेवलीच नव्हती, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) पण नाही, आणि संकलनाच्या नोंदी एसक्यूलाइटच्या आतल्या रोआयडीशी, म्हणजे ते स्वतः प्रत्येक ओळीला देतं त्या नंबराशी, जोडल्या होत्या. मधे एक सभासद कमी केलेला, त्याचा नंबर रिकामा होता. साधं व्हॅक्यूम अशा टेबलचे रोआयडी नव्याने लावू शकतं, तशी सूचना एसक्यूलाइटच्या कागदपत्रांत स्पष्ट दिलेली आहे, त्यामुळे दोष मी त्याला देत नाही. डंपने (सगळा डेटा मजकुराच्या रूपात) काढून परत भरलं तरी हाच धोका, रोआयडी जपायचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. आम्ही मूळ फाइलीच्या कॉपीत जुना रोआयडी घेऊन इंटिजर प्रायमरी कीवालं नवं टेबल केलं, सगळे सभासद त्यात भरले, आणि मग पुढे गेलो.

खऱ्या कामाला मात्र मी व्हॅक्यूम इंटू वापरलं आणि तेच सगळ्यांना सांगीन. हे २०१९ च्या ३.२७ व्हर्जनपासून आहे, मूळ फाइलीला हात न लावता शेजारी नवी आटोपशीर फाइल बनवतं. साधं व्हॅक्यूम तीच फाइल जागेवर बदलतं, त्याला मूळ फाइलीच्या दुप्पटपर्यंत मोकळी जागा लागू शकते, आणि मधेच लाइट गेली तर शेजारच्या जर्नल फाइलीच्या जोरावर ते परत पूर्वीच्या स्थितीत येतं, फक्त ती जर्नल फाइल कुणी कचरा समजून उडवायला नको. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून नवी फाइल वेगळी बनलेलीच बरी.

तपासणी अशी केली: इंटिग्रिटी चेक आधी आणि नंतर दोन्हीवेळा, फॉरेन की चेक (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या खऱ्या ओळीशी जोडलेली आहे का) वेगळा द्यावा लागतो कारण पहिल्यात तो येत नाही, आणि मग सभासदाच्या नावानुसार वर्षाचं लिटर आणि सरासरी फॅट दोन्ही फाइलींतून काढून समोरासमोर ठेवलं. नुसत्या एकूण बेरजेवर विसंबू नका. आधीच्या चेकमध्ये इंडेक्समध्ये ओळ नाही असं आलं तर रीइंडेक्सने (इंडेक्स नव्याने बांधून) बहुतेक भागतं, पण त्याहून मोठं काही आलं तर व्हॅक्यूम करत बसू नका, कमांड लाइनमधलं डॉट रिकव्हर वापरून नव्या फाइलीत काढा, ज्या ओळींचं टेबल कळत नाही त्या ते लॉस्ट अँड फाउंड नावाच्या टेबलात ठेवतं.

खटकलं ते एवढंच की काम किती झालं ते स्क्रीनवर काहीच दिसत नाही, नवखा माणूस घाबरून खिडकी बंद करेल. बाकी फुकट, छोटं आणि प्रामाणिक काम. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

नवी फाइल जुन्या नावाने लावून आता तीन बिलं निघाली, तिन्ही बरोबर. जुनी फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, एक केंद्रात आणि एक माझ्या घरी, दिवाळीचा दरफरक वाटून होईपर्यंत ती तिथेच राहणार.